फक्त विल-शॅल म्हणजे भविष्यकाळ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिचोलीत मी हायस्कूलच्या मुलांची इंग्रजीची ट्यूशन घेते. दरवर्षी मुलं एकच गोष्ट घोकून येतात, पुढच्या काळाचं वाक्य असेल तर विल लावायचं आणि आय, वी असेल तर शॅल. बास. मग चवथीला मामाकडे जायचं कधीचं ठरलंय तरी 'आय शॅल गो', आणि आत्ता पाणी आणते म्हणायचं तरी 'आय शॅल ब्रिंग'. चुकीचं म्हणता येत नाही पण असं आज कोण बोलतं?

मुळात इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. आपलं करीन, करशील, करेल असं क्रियापदच बदलतं, त्यांच्याकडे भूतकाळाला ईडी आहे पण पुढच्यासाठी तसं काही नाही, म्हणून ते वेगवेगळ्या पद्धतीने सांगतात आणि कुठली घ्यायची ते बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर ठरतं. बेल वाजली, मी बघते, हे आत्ता ठरलं म्हणून 'आय विल गेट इट'. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन झालीय तर 'आय ॲम सीइंग द डॉक्टर ऑन मंडे'. कदंबाची बस, मांडवी एक्सप्रेस असं टाइमटेबलवरचं असेल तर सरळ वर्तमानकाळ, 'द ट्रेन लीव्ज ॲट नाइन'.

आणि यातलं बरंच आपल्या मुलांना मराठीतून आधीच येतं हो! आभाळ काळंकुट्ट झालं की घरात कोणीतरी ओरडतंच, पाऊस पडणार, कपडे काढा. समोर दिसतंय म्हणून पडणार, तेच 'इट्स गोइंग टू रेन'. नुसता अंदाज असेल तर म्हणतो, मला वाटतं उद्या पडेल, तिथे 'आय थिंक इट विल रेन'. गाडी नऊला सुटते, सोमवारी डॉक्टरकडे जातेय, हे पण आपण वर्तमानकाळातच बोलतो ना? कोंकणीत सुद्धा करीन आणि करतलों (म्हणजे करणार) यात फरक आहेच, म्हणजे गोव्यातल्या मुलाकडे हे दोन भाषांतून आलेलं असतं आणि वर्गात कोणी त्याला ते दाखवतच नाही. सगळीकडे तंतोतंत जुळत नाही, आपलं 'णार' विलच्या जागी पण चालतं, पण सुरुवात इथून केली तर मुलं पटकन पकडतात हे मी रोज बघते.

जिथे मराठी आडवी येते तिथे मात्र जास्त वेळ द्यायला हवा. 'तो येईल तेव्हा सांगेन' यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो म्हणून मुलं 'व्हेन ही विल कम' लिहितात, तिथे 'व्हेन ही कम्स' पाहिजे. 'पाऊस पडला तर' मध्ये आपण भूतकाळी रूप वापरतो, इंग्रजीत 'इफ इट रेन्स'. पेपरात मार्क जातात ते बहुतेक इथेच.

आय-वीला शॅल हा नियम जॉन वॉलिसने 1653 च्या व्याकरणात मांडला, तो आपण अजून पाठ करून घेतोय. आज शॅल मुख्यतः 'शॅल वी गो?', म्हणजे जाऊया का, असं विचारताना ऐकू येतं, तेवढं शिकवलं तरी शाळेत पुरे.

पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, बारा काळांचा तक्ता हवा तर ठेवा पण त्याच्या आधी दोन पानं अशी मराठी-कोंकणी वाक्यं शेजारी ठेवून द्या, आणि परीक्षेत नुसतं 'चेंज इंटू फ्यूचर टेन्स' विचारण्याऐवजी एखादा प्रसंग देऊन वाक्य लिहायला सांगा.

— एक शिक्षिका, डिचोली