धातूचे आमिष पाण्यात डुलावे म्हणून

महोदय,
कोकणच्या खडकांवरून गळाने जिताडा किंवा तांबोशी धरणारे अनेक हौशी लोक बाजारातला धातूचा चमचा (माशाला भुलवणारे चमच्याच्या आकाराचे आमिष) जसाच्या तसा दोरीला बांधतात आणि मासा लागला नाही की जागेला दोष देतात, याचे वाईट वाटते. पातळ चमच्याचा बाक किंचित वाढवला, तर संथ ओढतानाही तो जखमी माशासारखा डुलतो. मात्र बाक अति झाला, की तो भिंगरीसारखा फिरून दोरीला पीळ घालतो. शेपटाकडचा जड तिहेरी गळ काढून हलका एकेरी लावल्यास हालचाल मोकळी होते आणि, माझ्या मते हे अधिक मोलाचे, सोडून द्यायच्या लहान माशाला इजा कमी होते. दोरीची गाठ थेट छिद्रात न मारता मध्ये कडी घालावी.
— एक वाचक, रत्नागिरी