रविवारच्या मीटिंगची आठवण

मंडळी, रविवारी रात्री ९ ला ऑनलाइन मीटिंग आहे, लिंक सकाळी टाकते. यावेळी विषय मे ओब्रायन या शिक्षिका. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाँगाथा या ॲबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी) समाजातल्या, पाच वर्षांच्या असताना घरापासून दूर माउंट मार्गारेट या ख्रिस्ती मिशनमध्ये नेऊन ठेवलेलं, आणि १९५३ मध्ये पर्थच्या क्लेअरमाँट टीचर्स कॉलेजातून पास झाल्यावर बाई शिकवायला गेल्या कुठे, तर त्याच मिशनच्या शाळेत! मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. त्या राज्यात असं कॉलेज करून टीचर झालेल्या त्या पहिल्या ॲबोरिजिनल बाई. नंतर शिक्षण खात्यात गेल्या, मुलांसाठी पुस्तकंपण लिहिली. झेडपी शाळेत शिकवणाऱ्यांनी नक्की या, तुमचं ऐकायचंय. आणि प्लीज माइक म्यूट ठेवा, मागच्या वेळी कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकल्या 😀