कपिली पुन्हा उलटली

संगमनेर,
८ मे

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल हव्या तितक्या शिव्या दे, पण आधी हे ऐक. आपली कपिली गाय पुन्हा उलटली, म्हणजे भरवूनही (रेतन करूनही) गाभण राहिली नाही. लोणीच्या बाजारात तुझ्याशी भांडून जिची आई घेतली, तीच ही. आबांची तब्येत ठीक आहे, माझा गुडघा आहे तसाच आहे.

दूध घटले याचे मला फारसे वाटत नाही. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गाय वैरणीला तोंड लावत नाही, कारण खाल्लेले पोटात आंबू लागले की त्याचीही उष्णता तयार होते आणि ती बाहेर टाकायला जागा उरत नाही. मग ती धापा टाकते, लाळ गळून जाते, पोटातली आम्लता आवरणारा क्षारही त्या लाळेबरोबर जातो आणि संध्याकाळी डेअरीवर फॅट घसरलेले निघते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांच्या खाली गेलो की दर कापला जातो, शिवाय माप घेणारा पोऱ्या आपणच पाणी घातल्यासारखा बघतो ते वेगळे. एवढे नुकसान पाऊस पडल्यावर बरेचसे सावरते.

सावरत नाही ते गाभण राहणे. उन्हाळ्यात माज मुका होतो, म्हणजे गाय फळायला आल्याचे बाहेरून कळत नाही, रात्रीच येऊन उरकतो, आणि जागून तो हेरला, वेळेवर भरवले, तरी आईच्या अंगातल्या तापाने गर्भ पहिल्या काही दिवसांतच जिरतो. मे महिन्यात गाय राहिली नाही तर फेब्रुवारीत वासरू नाही, दूध नाही, आणि भाकड जनावराची गव्हाण मात्र रोज भरावी लागते. विण्याआधी दूध बंद करून आटवलेल्या गाभण गाईंकडे तर कोणी बघतही नाही. त्या शेवटच्या दोन महिन्यांत तापल्या तर कासेची वाढ खुंटते आणि पुढच्या वेताचे दूधच कमी निघते.

आता तू म्हणशीलच की गीर घ्यायला सांगितले होते. सैल कातडीची, आखूड केसांची गीर आपल्याकडच्या उन्हात निवांत रवंथ करते, हे मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेण काढतानाही नाकारले नव्हते. पण तिच्या दुधावर सोसायटीचा हप्ता फिटत नाही, हे तूही कधी मान्य केले नाहीस. त्याच विद्यापीठाच्या फुले त्रिवेणी या संकरित गाईत परदेशी होल्स्टिन, जर्सी आणि आपली गीर तिन्हींचे रक्त आहे, तेव्हा पुढच्या कालवडींसाठी मी त्या वाटेने जाणार आहे.

तोवर गोठ्याच्या पत्र्यावर उसाचे पाचट टाकले आहे, वैरण रात्री घालतो, आंबोणात (पेंडीच्या खुराकात) खायचा सोडा मिसळतो. धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे फॉगर विकणाऱ्याला मात्र परत पाठवले, कारण अंग चिंब भिजवून वर पंखा सोडला तरच गाय निवते, नुसता दमटपणा वाढला तर धाप आणखी वाढते. पंखे गोठ्यात दोन आणि घरात एक असल्यामुळे परवा सासुरवाडीच्या पाहुण्यांनी गोठ्यात झोपू का, असे विचारले.

आबांना कपिली विकायची आहे. माझे म्हणणे, पावसाळ्यात हवा निवली की एकदा भरवून बघू. तिच्यात दोष नाही, दोष हवेचा आहे. पण मी बोललो की ते उठून जातात, तुझे ते ऐकतात.

वहिनींची बदली झाली का? चिंटूचे बारावीचे काय झाले ते कळव. फोन मात्र आधी आबांना कर, आणि रविवारच्या आत कर, कारण व्यापारी सोमवारी सकाळी येणार आहे.

तुझा,
विलास