लिंबू पिळल्याने शिळा भात सुरक्षित होत नाही

महोदय,

लिंबाच्या सालीच्या अर्काने अन्नातील जिवाणू मरतात, असे कुठेतरी वाचून आमच्या नौपाड्यातील काही घरांत सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावरच ठेवायचा आणि वाढताना वर लिंबू पिळायचे, अशी पद्धत पडू लागली आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्याने मला याची काळजी वाटते.

मूळ गोष्ट खरी आहे. लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या सालीतील तेलात लिमोनीन, सिट्रल अशी द्रव्ये असतात आणि ती जिवाणूच्या पेशीपटलाला इजा करतात. जिवाणू पसरलेल्या काचेच्या बशीत अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवली, तर तिच्याभोवती वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ दिसते. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या बाबतीत ते बहुधा मोठे असते, ई. कोलाय आणि साल्मोनेला या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असल्याने ते अधिक चिवट ठरतात.

पण तो अर्क निराळा आणि ताटातली लिंबाची फोड निराळी. फोडीतून येतो तो मुख्यतः रस, आणि त्याची सारी मदार सायट्रिक आम्लावर असते. रसाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) २ ते ३ असला, तरी वाटीभर भातात कालवताच ती आम्लता बरीच ओसरते. गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकी देशात १९९० च्या दशकातील पटकीच्या (कॉलराच्या) साथीत, भातासोबतच्या कालवणात लिंबाचा रस घालणाऱ्यांना संरक्षण मिळाल्याचे आढळले होते. परंतु पटकीचा जिवाणू आम्लापुढे मुळातच दुबळा असतो. भातातील बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे चिवट सुप्त रूप, शिजवल्यावरही जिवंत राहतात, आणि स्टॅफिलोकोकसचे विष एकदा अन्नात तयार झाले की उकळूनही जात नाही, तिथे लिंबाचे काय चालणार? शिवाय तलावपाळीवरच्या गाड्यांवर चिरून ठेवलेल्या फोडींनाच संध्याकाळभर नोटा हाताळलेले हात लागत असतात.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवणे आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करणे, याला लिंबू हा पर्याय नाही. अशा संशोधनाची बातमी देताना अर्क किती तीव्र होता, कोणत्या जिवाणूवर वापरला आणि प्रयोग बशीत झाला की प्रत्यक्ष अन्नात, या तीन गोष्टी आपण आवर्जून छापाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे