फ्लॅश मारला, चित्र गेले

माननीय संपादक,

चित्रकार नलिनी मलानी यांच्यावरील कालच्या पुरवणीतला लेख वाचला. 'कुंचला बाजूला ठेवून व्हिडिओकडे वळलेल्या' हे वाक्य कुणाचे? त्यांच्या ज्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' (२०१२) या मांडणीशिल्पाचे कौतुक लेखात आहे, त्यात सहा चॅनेलच्या (एकाच वेळी चालणाऱ्या सहा चित्रप्रवाहांच्या) व्हिडिओसोबत मायलारचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक फिल्मचे, पाच दंडगोल प्रोजेक्टर आणि भिंत यांच्यामध्ये टांगलेले फिरतात. पाचही रंगवलेले, आणि तेही उलटे.

उलटे म्हणजे पारदर्शक पृष्ठभागाच्या मागून. क्रमही उलटा: कॅनव्हासवर डोळ्यातली चमक सर्वात शेवटी येते, इथे ती आधी, मग बुबुळ, पापणी, त्वचा आणि शेवटी पार्श्वभूमी. पहिला थर ओला असताना दुसरा चढवला की रेघ फिसकटते. मग दुरुस्ती अवघड, कारण चूक दिसते पुढून आणि हात पोहोचतो मागून, मध्ये बाकीचे सगळे थर. रंग जाड बसला तर फिल्म गोल वळवताना तडकतो. काचचित्रांची ही जुनी रीत मलानी चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून शिकल्या.

दंडगोल मिनिटाला जेमतेम चार फेरे घेतात. प्रोजेक्टरकडची बाजू डावीकडे सरकते तेव्हा भिंतीकडची उजवीकडे, त्यामुळे दोन्हींच्या सावल्या एकमेकींना ओलांडून जातात; प्रोजेक्टरजवळची मोठी, पलीकडची लहान. एकही आकृती सलग हाती लागत नाही. जिचे खरे बोलणे कुणी मानले नाही ती ग्रीक पुराणकथेतली भविष्यवेत्ती कॅसँड्रा इथे अशी तुकड्यातुकड्यांत भेटते, आणि आपले समीक्षक मात्र 'मंत्रमुग्ध' होऊन थांबतात.

सोबतचे छायाचित्र तर फ्लॅश मारून काढलेले! भिंतीवरच्या सावल्या धुऊन निघाल्या, उरले टांगलेले आकाशकंदील. अशा ठिकाणी फ्लॅश बंद, कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवलेला आणि शटर एक-साठांश सेकंदाच्या आसपास. त्याहून बरेच हळू ठेवले तर फिरती सावली पुसट होते, फार वेगात ठेवले तर काही प्रोजेक्टरांचे रंगपट्टे फोटोत उमटतात. एवढे आपल्या छायाचित्र विभागाला ठाऊक असावे, ही माफक अपेक्षा.

आणि 'वळल्या' कधी? १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींच्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप या कार्यशाळेत त्या चित्रफिती करत होत्या, इथेच, मुंबईत.

जाता जाता: प्रदर्शनांच्या तारखांचे सदर प्रदर्शन उठायच्या आदल्या दिवशी छापण्यामागे काही धोरण आहे का?

– एक वाचक, दादर