नऊ जणांच्या गलक्यातून वाट काढणाऱ्या सबटायटलकारास

सप्रेम नमस्कार,

तुम्ही सबटायटल केलेल्या त्या विनोदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव नव्हतं. आपल्या कामात ते बहुतेकदा नसतंच, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. आम्हीही सबटायटलच्याच कामातले.

नऊ वारस, विकायला काढलेलं एक घर, सगळे एकदम बोलणारे, भाषा परकी आणि खाली मराठी सबटायटल. एवढं कळल्यावर फार अपेक्षा ठेवणं अवघडच होतं. अशा चित्रपटाचं पुढे काय होतं ते या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं: पडद्याखाली मजकुराची भिंत, वर कोणाची तरी हलणारी तोंडं आणि हशा भलत्याच जागी. इथे मात्र प्रेक्षक नटांच्या चेहऱ्यांकडे बघून हसत होते. सबटायटल वाचता वाचता हे जमणं किती कठीण असतं!

मृत्युपत्र वाचण्याचा प्रसंगच घ्या. सहा सेकंदांत चार माणसांची सात वाक्यं येतात. आपल्याकडे जागा दोन ओळींची, ओळीला साधारण ४२ चिन्हं, आणि आरामात वाचता येईल असा वेग सेकंदाला १५ ते २० चिन्हांचा. सातही वाक्यं कोंबली असती तर हिशोबात कशीबशी बसलीही असती. तुम्ही वकिलाचं एक वाक्य आणि धाकट्या बहिणीचं त्याला तोडणं एवढंच ठेवलंत, बाकी गोंगाट गोंगाट म्हणूनच सोडून दिलात आणि शेवटचे दोन सेकंद पडद्याचा तळ रिकामा ठेवलात. त्या दोन सेकंदांत कोपऱ्यात बसलेला जावई गुपचूप किल्ल्या मोजताना सगळ्यांना दिसला. अनेक पात्रांच्या विनोदात हशा पुष्कळदा गप्प बसलेल्या माणसावर येतो, आणि खाली मजकूर असला की नजर तिथे खिळते. काय गाळलं तर काय दिसेल, हे ठरवून गाळणारे फार थोडे. बाकीचे जागा पुरत नाही म्हणून गाळतात आणि बहुधा चुकीचं गाळतात.

मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला नाहीत, हेही दिसलं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर लिपी साठवण्याच्या पद्धतीच्या, हिशोबात ती सहा चिन्हं होतात: तीन व्यंजनं, दोन हलन्त आणि एक वेलांटी. रोमन लिपीसाठी ठरवलेली मर्यादा जशीच्या तशी लावली की प्रोग्राम सुटसुटीत मराठी वाक्यालाही लाल रंग दाखवतो, आणि घाबरून माणूस क्रियापदच उडवतो. मग पात्रं तारेच्या भाषेत बोलू लागतात. तुमची पात्रं पूर्ण वाक्यांत भांडत होती.

पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या शेवटच्या शब्दांच्या, वेळा आम्ही मुद्दाम फ्रेम, म्हणजे चित्रपटातली एकेक स्थिर चित्रं, मोजत पाहिल्या. वाचणं बोलण्यापेक्षा लवकर उरकतं. पूर्ण वाक्य एकदम दाखवलं की प्रेक्षक नटाच्या आधी पंचपाशी पोचतो, हसतो, आणि नटाचं बोलणं त्या हशावर येऊन आपटतं. उपाय सगळ्यांना माहीत असतो: वाक्य पंचच्या आधी तोडायचं आणि दुसरा तुकडा नटाच्या ओठांबरोबर आणायचा. अडचण अशी की तुकडा २० फ्रेमपेक्षा, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने सुमारे पाऊण-एक सेकंदापेक्षा, कमी टिकला तर तो वाचण्याआधीच विझतो. थोरल्या भावाची कबुली तुम्ही तीन तुकड्यांत दिलीत, प्रत्येकामध्ये दोन फ्रेमची फट ठेवलीत, आणि शेवटचा तुकडा बरोबर कटवर, म्हणजे दृश्य बदलतं त्या क्षणी, आणलात. तो तीन-चार फ्रेम आधी आला असता तर कटवर लुकलुकल्यासारखा दिसला असता.

नावांच्या बाबतीत तुम्ही धंद्याच्या सवयीविरुद्ध गेलात. जागा वाचवायची तर आपण सर्वात आधी हाका गाळतो. दोन पात्रांच्या चित्रपटात ते चालून जातं. इथे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत नऊ चेहरे आणि नऊ परकी नावं जुळवायची होती. त्या काळात तुम्ही प्रत्येक हाक राखलीत, वाक्य तोकडं झालं तरी. ओळख पटल्यावर मात्र नावं हळूहळू गायब झाली.

आणि तू-तुम्हीचा तक्ता! तो तुम्ही केला असणार, याबद्दल आम्हाला शंका नाही. नऊ पात्रांच्या जोड्या होतात ३६, आणि कोण कोणाला काय म्हणतो ते दोन्ही बाजूंनी वेगळं असू शकतं, म्हणून नोंदी ७२. असा तक्ता नसेल तर सुनेने सासऱ्यांना पहिल्या अर्ध्या तासात ‘अहो’ आणि पुढे ‘अरे’ म्हटलेलं हमखास सापडतं, विशेषतः काम दोघातिघांत वाटून घेतलेलं असेल तेव्हा. तुमच्याकडे एकच जोडी मध्येच तुम्हीवरून तूवर घसरली, आणि तीही नेमकी भांडण विकोपाला गेल्यावर. मूळ भाषेत तिथे फक्त आवाज चढतो.

पण खरी टोपी काढावी ती फोनवरच्या अनोळखी माणसासाठी. तो पुरुष की बाई हे शेवटच्या प्रसंगापर्यंत कळू द्यायचं नाही, आवाज मुद्दाम घोगरा, आणि आपली भाषा अशी की ‘मी येतो’ म्हटलं तरी फुटलं, ‘मी येते’ म्हटलं तरी फुटलं. तुम्ही त्या पात्राला भविष्यकाळात बोलायला लावलंत, कारण ‘येईन’ दोघांनाही चालतं. भूतकाळ लागला तिथे ‘मी पत्र पाठवलं’सारखी वाक्यं घेतलीत, ज्यात क्रियापद बोलणाऱ्याच्या नव्हे, पत्राच्या लिंगाप्रमाणे चालतं. उरलेलं ‘मला यायचंय’, ‘माझ्याकडे आहे’ यांवर निभावलं. अकरा फोन, आणि एकदाही पाय घसरला नाही. उलट गलक्याच्या प्रसंगांत हेच व्याकरण तुम्ही कामाला लावलंत: पडद्याबाहेरून ‘मी निघाले’ असं आलं की बोलणारी कोण ते डॅशशिवाय, म्हणजे बोलणारा बदलला हे दाखवणाऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या रेघेशिवाय, कळत होतं. दोन ओळींत दोनच बोलणारे मावतात, तिसऱ्यासाठी डॅश काढायला जागाच नसते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सबटायटलची फाइल शेवटपर्यंत एका फ्रेमनेही सरकली नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीवर वेळ लावलेली फाइल २४ फ्रेमच्या प्रतीला जोडली तर तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो आणि तो लगेच पकडला जातो. २४ आणि २३.९७६ यांची गल्लत जास्त फसवी. सुरुवात बरोबर वाटते, तासाने ३.६ सेकंद चुकतात, आणि विनोदाला तेवढं पुरतं. अशा वेळी लोक सगळी फाइल पुढे-मागे ढकलत बसतात. त्याने एकच जागा जुळते. प्रत्येक सबटायटलची वेळ १.००१ च्या गुणोत्तराने ताणावी किंवा आवळावी लागते. पाटीवरचा मजकूर संवादाबरोबर आला तेव्हा तुम्ही तो वर नेलात, आणि दोन ओळींमध्ये एवढं अंतर ठेवलंत की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर चढला नाही. परकी पत्रं आणि आठवणी दाखवायला तिरपा टाइप वापरला नाहीत, हेही बरं केलंत. देवनागरी तिरपी केली की जोडाक्षरं लडखडतात.

एक तक्रार नोंदवतो. लिलावाच्या प्रसंगातलं गाणं तुम्ही कोरंच सोडलंत. चाल गमतीची आहे, मान्य, पण दुसऱ्या कडव्यात घराच्या खऱ्या मालकाचा इशारा आहे आणि पुढचा हशा त्यावर उभा आहे. तिथे मूळ भाषा कळणारे दोघंतिघं हसले, बाकीचे त्यांच्याकडे बघत राहिले. यमक जुळवायचं नसलं तरी त्या कडव्याच्या दोन ओळी साध्या गद्यात दिल्या असत्या तर चाललं असतं.

पुढच्या आवृत्तीसाठी फाइल उघडलीत तर तेवढं कराच. आणि तो ७२ नोंदींचा तक्ता फाइलसोबतच ठेवा. या चित्रपटाचा दुसरा भाग निघाला आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर त्या माणसाला पहिली मागणी त्याचीच करावी लागेल.

मनापासून आभार.

आपले,
याच कामातले काहीजण