खापरीवरचे मत

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे गाताना तिथली हद्दपारीची रीत आपण मुलांना सांगत नाही, ती सांगायलाच हवी. हद्दपारीचे मतदान यंदा घ्यायचे का, असे दरवर्षी सभेला विचारत. होकार आला की नागरिक खापरीवर नकोशा पुढाऱ्याचे नाव कोरून टाकत. किमान ६००० खापऱ्या लागत. ज्याच्यावर पाळी येई, त्याने १० दिवसांत शहर सोडायचे, १० वर्षांसाठी. मालमत्ता शाबूत; पण ना आरोप, ना बचाव! अथेन्समधल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरील विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या, अक्षर मात्र जेमतेम १४ जणांचे. वाटण्यासाठी आयती मते कोरून ठेवलेली! पुढे निकियास आणि अल्किबियाडीस या एकमेकांच्या वैरी पुढाऱ्यांनी हातमिळवणी करून तिसऱ्यालाच, हायपरबोलसला घालवले. त्यानंतर ही रीत बंद पडली.

– एक इतिहास शिक्षक, सातारा